ठाणें गॅझेटियर आणि राष्ट्रीय उद्यानांतील भूमिस्वामित्व

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणें जिल्ह्याविषयींचे भाग जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं १८८२ सालीं प्रसिद्ध झाले. तेव्हांपासून उत्तर कोंकणाचा इतिहास लिहिणाऱ्या बहुतेकांनीं त्यांचा उपयोग केला आहे, आणि तो निमूटपणें केला आहे. ग्रंथ मोठा, संपादक साक्षेपी, पुराणवस्तूंच्या भागास भगवानलाल इंद्रजींसारख्या पंडिताचें साहाय्य. मग शंका कोणीं घ्यावी? परंतु ग्रंथाकडे संदर्भ म्हणून पाहणें वेगळें आणि साक्षीदार म्हणून पाहणें वेगळें. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे नियम १ जानेवारी २००८ रोजीं प्रसिद्ध झाले. त्यांतील तेराव्या नियमांत वनहक्काच्या दाव्यास कोणकोणता पुरावा चालेल तें सांगितलें आहे, आणि त्या यादींत जनगणना, पाहणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे यांच्या पंक्तीस गॅझेटियर हें नांव स्पष्ट आलें आहे. म्हणजे ज्या ग्रंथाचा आम्ही टीपांपुरता उपयोग करीत आलों, तो आतां एखाद्या वारली कुटुंबाचें शेत राहील कीं जाईल या प्रश्नांत साक्षीस उभा आहे. साक्षीदाराची उलटतपासणी झाल्यावांचून साक्षीला किंमत नाहीं. ती येथें करण्याचा विचार आहे.

आमचें पाम हें गांव पालघर तालुक्यांत, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारीं. ता. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला. त्यापूर्वीं आम्ही ठाणें जिल्ह्यांतच होतों, आणि जुनें दप्तर अर्थातच दोहोंचें एक. आमच्या भोंवतालच्या जमिनी कारखान्यांसाठीं गेल्या, वीजकेंद्रासाठीं गेल्या. त्यामुळें सात-बाराच्या उताऱ्यावरचें नांव बदलणें म्हणजे काय हें इकडील लोकांस समजावून सांगावें लागत नाहीं. पण तेथें निदान घेणारा कोण आणि देणारा कोण हें उघड होतें. आमचा प्रश्न त्याहून अवघड आहे. जी जमीन 'राष्ट्रीय' या एका विशेषणानें सर्वांची झाली असें आपण समजतों, ती खरोखर कोणाची, आणि तिचा कारभार कोणाचा? उदाहरणासाठीं बोरिवलीचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान घेतलें आहे. कारण तें जुन्या ठाणें जिल्ह्याच्याच साष्टी तालुक्यांत झालें, आणि तेथील पाड्यांतले वारली हे आमच्या तालुक्यांतल्या वारल्यांचेच भाऊबंद.

या उद्यानाचें क्षेत्र सुमारें १०४ चौरस किलोमीटर; निम्म्याहून अधिक ठाणें जिल्ह्यांत, उरलेलें मुंबई उपनगरांत. बोरिवलीच्या दरवाज्यानें आंत जाणाऱ्यास वनखात्याचें तिकीट काढावें लागतें. तोच मनुष्य कान्हेरीस पोंचला कीं दुसरें तिकीट. तें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचें. डोंगराच्या कुशींत दोन तलाव आहेत, १८६० सालचा विहार आणि १८७९ सालचा तुळशी. त्यांच्या पाण्याचा व बांधांचा कारभार मुंबई महानगरपालिकेकडे. नवापाडा, चिंचपाडा अशा पाड्यांत वारली राहतात. ठाण्याच्या अंगास येऊर आहे. तेथें पाडेहि आहेत आणि सधनांचे बंगलेहि. तेव्हां 'नॅशनल पार्क सरकारचें' असें जें सहज बोललें जातें, त्यांतील सरकार कोणतें हेंच आधीं विचारावें लागतें. केंद्राचें, राज्याचें, कीं नगराचें?

कायद्याची भाषा मात्र निःशंक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३५ व्या कलमाप्रमाणें राज्यसरकारनें प्रथम आपला इरादा जाहीर करावयाचा, हक्क सांगणारांचे दावे निकालांत काढावयाचे, आणि त्या जमिनीवरील सर्व हक्क राज्यसरकारकडे आल्यावरच उद्यानाची अंतिम घोषणा करावयाची. हक्क आधीं नाहींसे व्हावेत, मग उद्यान व्हावें, असा हा क्रम. सर्वच देशांत तो असाच आहे असें नाहीं. इंग्लंडांत १९४९ च्या कायद्यानें राष्ट्रीय उद्यानें सुरू झालीं आणि १९५१ सालीं पहिलें उद्यान पीक डिस्ट्रिक्ट येथें झालें. परंतु तेथील बहुतेक जमीन आजहि शेतकरी, जमीनदार, पाणीकंपन्या व न्यास यांच्या मालकीची आहे. उद्यानाचें मंडळ बांधकामावर नजर ठेवतें, वाटा मोकळ्या ठेवतें. धनी होत नाहीं. ऑस्ट्रेलियांत उलुरु येथें १९८५ सालीं सरकारनें जमीन तेथील अनंगु लोकांस परत दिली आणि त्यांच्याचकडून उद्यानासाठीं ९९ वर्षांच्या पट्ट्यानें घेतली. मालक एक, रखवालदार दुसरा, आणि दोघांचें मिळून कारभारी मंडळ. यावरून एवढेंच दिसतें कीं, उद्यान असणें आणि जमीन सरकारची असणें या दोन गोष्टींचा संबंध नियत नाहीं. आमच्या कायद्यानें तो जोडला आहे. निसर्गानें जोडलेला नाहीं.

येथें शब्दाकडेहि पाहिलें पाहिजे. रानास 'उद्यान' म्हणणें पुष्कळांस खटकतें. लावलेल्या फुलझाडांचा बाग तो उद्यान, अशी आपली हल्लींची समजूत. परंतु अमरसिंहानें वनौषधिवर्गाच्या आरंभीं उद्यानाचा अर्थ देतांना दोन गोष्टी सांगितल्या आहेत: तें वन राजाचें, आणि तें साधारण, म्हणजे इतरांसहि उपभोगास मोकळें. अंतःपुराकरितां राखून ठेवलेल्या वनास त्यानें लगेच प्रमदवन हा निराळा शब्द दिला. म्हणजे कोशकाराच्या मनांत स्वामित्व आणि उपभोग हे पृथक् होते, आणि उद्यान तेंच कीं जेथें एकाचें स्वामित्व असूनहि भोग अनेकांचा असतो. ज्यानें कोणीं हें भाषांतर रूढ केलें त्यास हा अर्थ अभिप्रेत होता कीं नाहीं, याची चौकशी येथें नको. शब्द आला तो आपला अर्थ घेऊन आला.

शास्त्रकारांचा मूळ वादहि हाच आहे. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायाच्या सातव्या पादांत विश्वजित् यागाचा विचार येतो. त्या यागांत यजमानानें सर्वस्व द्यावयाचें असतें. मग यजमान राजा असला तर त्यानें पृथ्वीहि देऊन टाकावी काय? जैमिनीचें उत्तर नकारार्थी आहे, आणि कारण असें कीं, भूमि सर्वांना सारखीच आहे. शबरस्वामी त्यावर सांगतात कीं, क्षेत्राचा धनी असूं शकतो, भूमंडळाचा नाहीं. राजाला भाग मिळतो तो पिकाच्या रक्षणाबद्दल. सतराव्या शतकांतील नीलकंठभट्टानें व्यवहारमयूखांत हाच न्याय पुढें चालवून म्हटलें आहे कीं, जिंकलेल्या राजाचीं स्वतःचीं घरें व शेतें असतील तीं जेत्याचीं होतात. परंतु जेथें त्यास कर घेण्यापुरताच अधिकार होता, तेथें जेत्याकडेहि तेवढाच येतो. ब्रिटिश अमदानींत मुंबईच्या हायकोर्टानें हिंदु वारसाहक्काच्या बाबतींत मिताक्षरेवर मयूखाला जो विशेष मान दिला, तो गुजराथ, मुंबई बेट आणि उत्तर कोंकण याच प्रदेशांपुरता. म्हणजे आमच्याच प्रांतांत मुलीचा नि बहिणीचा वाटा ठरवितांना न्यायाधीश जो ग्रंथ उघडीत, त्याच ग्रंथांतील राजाच्या स्वामित्वाचें पान जमाबंदीच्या कचेरींत उघडण्याचें कारण पडलें नाहीं. पक्ष सोईचा नसला कीं पोथी जड होते.

शास्त्र एकमुखी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. मनूनें आठव्या अध्यायांत निधीचा अर्धा भाग राजास देतांना त्यास भूमीचा अधिपति म्हटलें आहे. आणि त्यानेंच नवव्या अध्यायांत, शेत हें खुंट तोडून रान साफ करणाऱ्याचें, असा दाखला घेतला आहे. कौटिल्य तर रानाच्या बाबतींत पक्का राजपक्षी. लागवडीस निरुपयोगी अशा भूमीच्या व्यवस्थेचें प्रकरण दुसऱ्या अधिकरणांत आहे. त्यांत खंदकानें वेढलेलें, एकाच दरवाज्याचें, राजाच्या विहाराचें मृगवन तो सांगतो. त्याचबरोबर जेथें सर्व पशु पाहुण्यासारखे निर्भय राहावेत असें दुसरें मृगवनहि सांगतो, आणि तपस्व्यांसाठीं अरण्यें सोडावयास लावतो. हल्लींच्या उद्यानाचें बीज हवें असेल तर तें या दुसऱ्या मृगवनांत आहे. ही सर्व चर्चा विद्वत्तेच्या हौसेनें केली नाहीं. 'रान हें पूर्वापार राजाचेंच' असें जें विधान सरकारी कागदांत गृहीत धरलें जातें, तें आमच्या परंपरेंत वादग्रस्त होतें एवढें दाखविण्यापुरती केली.

आतां गॅझेटियरकडे वळूं. त्याचा मोठा गुण असा कीं, जें लिहिलेलें सांपडलें तें त्यानें कसून टिपलें. चवदाव्या खंडांतील कान्हेरीचें वर्णन पाहावें. प्राकृत लेखांतील कण्हसेल, संस्कृतांतील कृष्णगिरि, आणि त्याचें कान्हेरी. पहिल्या राष्ट्रीय उद्यानास लोक कृष्णगिरि उपवन म्हणत तें याच नांवावरून. येथील लेखांत मंगलस्थान म्हणजे हल्लींचें मागाठाणें येथील शेत भिक्षुसंघास दिल्याचा उल्लेख आहे. शके ७७५ मध्यें शिलाहार कपर्दीच्या काळीं गौड देशाहून आलेल्या गोमिन् अविघ्नाकरानें शंभर द्रम्म ठेवले. अशा ठेवीस अक्षयनीवि म्हणत: मुद्दल कोणीं मोडावयाचें नाहीं, व्याजावर संघानें निर्वाह करावयाचा. म्हणजे ज्या डोंगरावर आज उद्यान आहे, त्याच्या भोंवतालच्या भूमीचे स्वामी, धारक आणि भोक्ते यांची पृथक् व्यवस्था हजार वर्षांपूर्वीं लेखनिविष्ट होती. गॅझेटियरनें तिला पानेंच्या पानें दिलीं, कारण ती दगडावर कोरलेली होती.

पण त्याच डोंगरांतील वारली त्या ग्रंथांत कोठें भेटतो? लोकसंख्येच्या प्रकरणांत. 'आदिम जाती' या सदराखालीं त्याचा पेहराव, त्याचीं लग्नें, त्याचे देव, त्याचें दारूचें व्यसन. शेतीच्या प्रकरणांत राब येतो: झाडाच्या फांद्या, पाला, गवत, शेण रोपणीच्या जागेवर पसरून जाळावें आणि त्या राखेंत भाताची रोपें काढावींत, ही उत्तर कोंकणची मूळ शेतीपद्धति. त्यासाठीं भातखाचराशिवाय वरकस जमीन लागते, आणि रानहि लागतें. जमिनीच्या कारभाराच्या प्रकरणांत मात्र दुसरीच माणसें भेटतात: इनामदार, खोत, इजाफतदार, सर्व्हे नंबरांचे खातेदार. या तीन प्रकरणांचा परस्परांशीं मेळ नाहीं. एकांत माणूस आहे, दुसऱ्यांत त्याचें काम आहे, तिसऱ्यांत जमिनीचा हक्क आहे. आणि पहिल्यांतील माणूस दुसऱ्यांतील कामामुळें तिसऱ्यांतील हक्काला पात्र होतो काय, हा प्रश्न ग्रंथकर्त्यास पडलाच नाहीं. तो का पडावा? ग्रंथ महसुलाच्या कचेऱ्यांतून आलेल्या माहितीवर उभा आहे. जी जमीन सारा देते ती तेथें केंसाकेंसानें मोजलेली आहे. जी देत नाहीं ती पडीत किंवा रान.

नैयायिक व मीमांसक यांनीं अनुपलब्धीचा जो विचार केला आहे तो इतिहासाच्या विद्यार्थ्यानें विसरूं नये. वस्तु दिसली नाहीं एवढ्यावरून ती नाहीं असें ठरत नाहीं. ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिति असली पाहिजे. उजेडांत जमिनीवर घट दिसला नाहीं तर घट नाहीं. अंधारांत दिसला नाहीं तर कांहींच सिद्ध होत नाहीं. गॅझेटियरमध्यें साष्टीच्या डोंगरांतील वारल्याचा भूमीवरील हक्क दिसत नाहीं, हें खरें. पण तो असता तर दिसला असता काय? महसुली दिवा त्या कोपऱ्यापर्यंत नेलेलाच नव्हता. म्हणून ज्या मुद्द्यावर गॅझेटियर बोलतें तेथें त्याची साक्ष वजनदार समजावी, आणि जेथें तें मुकें आहे तेथें त्या मौनाची साक्ष घेऊं नये. दावा तपासणाऱ्या अधिकाऱ्यास हा भेद कळला नाहीं तर ग्रंथाचा गुणच अनर्थास कारण होईल.

बखरींसहि हाच न्याय लागतो, केवळ इंग्रजांस नव्हे. माहिकावतीच्या बखरींत, जी राजवाड्यांनीं १९२४ सालीं छापली, बिंब राजाबरोबर आलेल्या कुळांस कोणकोणतीं गांवें व वतनें मिळालीं याचा हिशेब आहे. आमच्या केळवें-माहीम भागांतील पुष्कळ घराणीं आपला मूळ पुरुष तींत शोधतात. आलेल्यांचीं नांवें बखरींत आहेत, कारण त्यांना वतन मिळालें. जे आधींच होते त्यांना कोणीं काय द्यावें? त्यांचें नांव येण्यास निमित्तच नव्हतें.

याच्या उलट, घडलेलें नसतां कागद बोलतो याचेंहि उदाहरण साष्टींतच आहे. साष्टी बेट इंग्रजांनीं १७७४ च्या अखेरीस मराठ्यांपासून घेतलें व १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांजकडे कायम झालें. पुढें तेथील मोठमोठ्या जमिनी त्यांनीं मुंबईच्या सधन गृहस्थांस दिल्या. विक्रोळीची जमीन १८३५ सालीं फ्रामजी कावसजी बनाजी यांस कायमच्या पट्ट्यानें मिळाली, आणि १९४८ सालीं ती गोदरेज कंपनीनें खरेदी केली. १९५१ सालीं साष्टींतील इस्टेटींची साऱ्याची माफी कायद्यानें रद्द झाली. पुढें या जमिनीसंबंधीं वनकायद्याच्या ३५ व्या कलमाखालीं एक नोटीस तयार झाली. (वन्यजीव कायद्याचें ३५ वें कलम वर आलें आहे तें निराळें, आंकड्याचा योगायोग.) नंतर महाराष्ट्राच्या खासगी वनांच्या संपादनाचा कायदा झाला व ता. ३० ऑगस्ट १९७५ पासून सर्व खासगी वनें सरकारजमा झालीं. अशी नोटीस ज्या जमिनीविषयीं निघाली ती जमीनहि खासगी वनाच्या व्याख्येंत होती. तरी तीस वर्षें कोणीं हालचाल केली नाहीं. मुलुंड, विक्रोळी, ठाणें या बाजूंस परवानग्या घेऊन इमारती उठल्या. आणि २००६ च्या सुमारास सात-बाराच्या उताऱ्यांवर 'खासगी वन' असे फेरफार पडूं लागले. मुंबईच्या उच्च न्यायालयानें मार्च २००८ मध्यें सरकारचा पक्ष उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयानें ता. ३० जानेवारी २०१४ रोजीं तो निकाल फिरविला.

या निकालांतील मर्म आमच्या व्यवसायाशीं अगदीं जवळचें आहे. नोटीस निघाली म्हणजे काय? लिहून फाइलींत ठेवली म्हणजे निघाली कीं धन्याच्या हातीं पडून त्यास आपलें म्हणणें मांडण्याची संधि मिळाली म्हणजे निघाली? न्यायालयानें दुसरा अर्थ घेतला, आणि वर्षानुवर्षें पुढें न चालविलेली नोटीस जिवंत समजतां येणार नाहीं असें ठरविलें. दप्तराचें काम ज्यांनीं केलें आहे त्यांस हें नवें नाहीं. रुमालांत मसुदा सांपडला म्हणजे पत्र रवाना झालें असें होत नाहीं. रवाना झालें तरी पोंचलें असें होत नाहीं. आणि पोंचलें तरी त्याप्रमाणें वर्तन झालें असें होत नाहीं. तिहींचा पुरावा निरनिराळा हवा. निकाल धनिकांच्या बाजूनें गेला म्हणून तो वाईट असें कित्येकांचें मत दिसतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. कागदाच्या चिकित्सेचा तो नियम बरोबर आहे.

आमची तक्रार निराळी आहे. तोच नियम पाड्यास कोणीं लावला? राष्ट्रीय उद्यानाच्या घोषणेपूर्वीं दावे मागविण्याची जाहीर नोटीस द्यावी लागते. ती राजपत्रांत छापून येते, आणि लगतच्या गांवांत तिथल्या भाषेंत प्रसिद्ध व्हावी असें कायदा म्हणतो. जो मनुष्य वाचूं शकत नव्हता, ज्याच्या नांवचा उतारा नव्हता, ज्याचा पाडा महसुली गांव म्हणून कधीं नोंदलाच नव्हता, त्यानें मुदतींत दावा केला नाहीं यावरून त्याचा हक्क नव्हता असें मानणें म्हणजे रुमालांतल्या मसुद्यावरून पत्र पोंचल्याचें मानण्यासारखेंच आहे. कंपनीच्या बाबतींत न पोंचलेली नोटीस निर्जीव ठरली. वारल्याच्या बाबतींत ती सजीव राहते. कागदाविना केलेली वहिवाट आणि वहिवाटीविना केलेला कागद या दोहोंत इतिहासानें कोणास अधिक मान द्यावा, याचें उत्तर व्यक्तीगणिक बदलूं नये.

मध्यंतरीं १९९७ सालचा एक हुकूम झाला, त्याचा येथें उल्लेख करणें प्राप्त आहे. उद्यानांत झोपड्यांची दाटी झाली होती. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेच्या अर्जावर उच्च न्यायालयानें ता. ७ मे १९९७ रोजीं तीं अतिक्रमणें काढण्याचा हुकूम दिला. ज्यांचें नांव ता. १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादींत असेल त्यांनीं ७००० रुपये भरल्यास दुसरीकडे जागा, असें ठरलें. शहरांतून येऊन रानांत शिरलेल्या वस्तीस हा काटा कदाचित् पुरेसा असेल. परंतु जे लोक उद्यानाच्याच आधींचे, त्यांची मिति मतदारयादीवरून काढणें म्हणजे आजोबाचें वय नातवाच्या शाळेच्या दाखल्यावरून ठरविणें होय. अतिक्रमण या शब्दांतच क्रम आहे. कोण कोणाच्या मागून आला हें ठरल्याशिवाय तो शब्द वापरतां येत नाहीं.

वनहक्काच्या नियमांचें श्रेय असें कीं, त्यांनीं हा कागदाचा एकाधिकार मोडला. तेराव्या नियमांत गॅझेटियर आहे, पण त्याबरोबरच घर, बांध यांसारख्या प्रत्यक्ष खुणा आहेत. विहिरी, दफनाच्या जागा, देवस्थानें आहेत. दावेदार नसलेल्या वृद्धांची लिहून घेतलेली जबानी आहे. वारल्यांच्या रानांत वाघोबाचें ठिकाण असतें: शेंदूर लावलेली फळी किंवा दगड, त्यावर वाघ, आणि वर सूर्य व चंद्र. उत्तर कोंकणांत शिलाहारांच्या काळचे जे गद्धेगाळ सांपडतात त्यांच्याहि माथ्यावर सूर्यचंद्र असतात. दान आचंद्रार्क चालावें, आणि मोडील त्यास शाप, असा त्यांचा अर्थ. वाघोबाचे सूर्यचंद्र त्यांवरूनच आले असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण एका दगडास आम्ही भूमिदानाचा पुरावा म्हणून त्रैमासिकांत छापतों आणि दुसऱ्यास लोककलेचा नमुना म्हणून संग्रहालयांत ठेवतों, यांत आमची दृष्टि दिसते, दगडांचें स्वरूप नव्हे.

यावर आक्षेप येईल, आणि तो क्षुद्र नाहीं. कोट्यवधि वस्तीच्या नगराला लागून बिबट्या नांदतो, दोन तलावांचें पाणी राहतें, तें या कडक कायद्यामुळेंच. हक्कांची दारें उघडलीं तर पाड्याच्या नांवावर बिल्डर आंत येईल. ही भीति आम्हांसहि वाटते. उद्यान नसतें तर हा डोंगर केव्हांच खडी होऊन इमारतींत गेला असता. परंतु येऊरचे बंगले पाड्यांतील लोकांनीं बांधले नाहींत. आणि कायद्यांतच मधली वाट आहे. अभयारण्याच्या बाबतींत वन्यजीव कायद्याचें २४ वें कलम जिल्हाधिकाऱ्यास कांहीं हक्क चालू ठेवण्याची मुभा देतें. आमच्या जिल्ह्यांतील तुंगारेश्वर, जें २००३ सालीं अभयारण्य झालें, तें त्या वर्गांत पडतें. तोच वारली तुंगारेश्वरीं हक्कदार असूं शकतो आणि खाडी ओलांडून साष्टींत आला कीं नाहीं. २००६ च्या कायद्यानें ही दरी बुजविण्याचा प्रयत्न केला: त्याचे हक्क राष्ट्रीय उद्यानांतहि मान्य होऊं शकतात, सामूहिक वन राखण्याचा व त्याचें व्यवस्थापन करण्याचा हक्कहि त्यांत आहे, आणि दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणास उठवितां येत नाहीं. पण दाव्याचा आरंभ ग्रामसभेंत व्हावयाचा. बोरिवलीचे पाडे महानगरपालिकेच्या हद्दींत; तेथें ग्रामसभा कोठून आणावी? शहर रानापर्यंत आलें, आणि शहराच्या हद्दींत आल्यामुळें रानांतल्या माणसाची सभाच नाहींशी झाली.

राहतां राहिलें एक काम. राब व रानाचे निर्बंध यांवरून ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष माजला, तेव्हां सरकारनें १८८५ सालीं मुंबईचें फॉरेस्ट कमिशन नेमलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं अनेक खंडांत प्रसिद्ध झाला. गॅझेटियर निघून पांच वर्षेंच झालीं होतीं. गॅझेटियरमध्यें जीं तीन प्रकरणें एकमेकांशीं बोलत नाहींत, त्यांची गांठ या अहवालांत पडते. कारण येथें फांदी तोडणारा, तिचें शेत आणि ती तोडण्याचा हक्क हा एकच प्रश्न म्हणून पुढें आला. तेराव्या नियमांतील चौकशी-अहवालांच्या सदरांत तो बसतो. परंतु तो इंग्रजींत आहे, दुर्मिळ आहे, आणि पालघर-डहाणूच्या एखाद्या ग्रामसभेच्या वनहक्क समितींत तो वाचणारा कोणीं मिळणें कठीण. ठाणें जिल्ह्यापुरता त्याचा मराठी तर्जुमा, गांवांच्या हल्लींच्या नांवांची सूचि जोडून, मंडळानें हातीं घ्यावा. साष्टी, वसई, माहीम व डहाणू या चार तालुक्यांपासून आरंभ केल्यास गांवनांवांच्या सूचीचें पालघर व माहीम बाजूचें काम आम्ही पाहूं.